थांबायचं कोणी?

१ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाड्याला एसटी निघाली. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी त्या वाटेवर धावणारी ही पहिली बस, आणि तिला हिरवा झेंडा दाखवायला राज्याचे मुख्यमंत्री आले होते. गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी ही सगळी गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातली नावं. सूरजागडचा डोंगर याच तालुक्यात आहे. ठाकूरदेवाच्या यात्रेसाठी माडिया आदिवासी माणसं दर जानेवारीत जिथे चालत येतात, तिथूनच आता लोहखनिजाचे ट्रक रांगेने खाली उतरतात.

बस यायला इतकी वर्षं लागली. मोबाइल अ‍ॅप मात्र या तालुक्यात त्याआधीच पोहोचलं होतं. अंगणवाडी सेविकेच्या पिशवीत, वजनकाट्याच्या नोंदवहीशेजारी, २०१९ च्या सुमारास सरकारी मोबाइल आला आणि पाठोपाठ त्यातलं अ‍ॅप. मग रोजगार हमीच्या कामावर हजेरीचं अ‍ॅप आलं, शेताच्या बांधावर ई-पीक पाहणी आली. बसच्या आधी पोहोचलेल्या या अ‍ॅपनी इथल्या लोकांचा किती वेळ घेतला, याचा हिशेब मांडायला हवा. अ‍ॅपचा वेग हा अभियंत्यांच्या बैठकीतला विषय वाटतो. एटापल्लीत तो कुणाच्या तरी रोजच्या मजुरीचा आणि कुणाच्या तरी पोषण आहाराचा विषय आहे.

अ‍ॅप कसं असावं यावर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्येच तीन मर्यादा सांगून ठेवल्या. दशांश सेकंदात उत्तर मिळालं तर यंत्र लगेच ऐकतं असं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर माणसाचं लक्ष दुसरीकडे जातं. गुगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार, पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर मोबाइलवरून आलेल्यांपैकी ५३ टक्के निघून जातात. मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून ‘फक्त अ‍ॅप’ असा निर्णय घेतला होता. वर्षही उलटलं नाही, तोच फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांना मोबाइलवरची वेबसाइट पुन्हा सुरू करावी लागली.

या सगळ्या शहाणपणामागे एक गृहीतक आहे: अ‍ॅप आवडलं नाही तर माणूस निघून जाऊ शकतो. ग्राहक गेला की आकडे घसरतात, आकडे घसरले की कंपनी दुरुस्ती करते. सेविकेला असं निघून जाता येत नाही. ‘पोषण ट्रॅकर’ या अंगणवाडीच्या अ‍ॅपमध्ये नोंद झाली नाही तर तिचं काम झालं असं धरलं जात नाही. हजेरीच्या अ‍ॅपमध्ये दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो चढले नाहीत, तर दिवसभर माती उपसलेल्या माणसाच्या मजुरीवर प्रश्न येतो. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांना हे अ‍ॅप सक्तीचं झालं. वापरणाऱ्याला पर्याय नसला की अ‍ॅप कितीही रखडलं तरी वापराचा आकडा घसरत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या पडद्यावर सगळं आलबेल दिसतं, आणि रखडण्याची किंमत दुसऱ्या टोकाला कुणीतरी मुकाट्याने भरत राहतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये मात्र ही किंमत मुकाट्याने भरली गेली नाही. महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. त्या फोनना २ जीबी रॅम होती, वॉरंटी संपली होती, दुरुस्तीचा खर्च सेविकांवर पडत होता. मार्च २०२१ मध्ये आलेलं नवं पोषण ट्रॅकर अ‍ॅप त्या फोनवर नीट चालत नव्हतं, आणि ते इंग्रजीत होतं. आधीच्या अ‍ॅपमध्ये मराठी होती. नव्यात बाळाचं आणि आईचं नाव इंग्रजी अक्षरांत भरायचं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आंदोलन मानधनाचंही होतं, कामाच्या ओझ्याचंही होतं. पण सॉफ्टवेअरच्या भाषेत पाहिलं तर अ‍ॅप वापरणाऱ्यांनी दिलेला हा अभिप्राय होता. अ‍ॅपमध्ये अभिप्रायाची सोय असती आणि तो कुणी वाचला असता, तर फोन परत करण्याची वेळ आली असती का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा.

२ जीबी रॅमच्या फोनमध्ये नेमकं काय होतं? सेविका फॉर्म भरते आहे. बाळाचं नाव, जन्मतारीख, वजन, उंची, दंडाचा घेर. मग फोटोची पाळी येते. कॅमेरा उघडला की त्याला मेमरी लागते. ती शिल्लक नसते, म्हणून अँड्रॉइड मागे उभं असलेलं अ‍ॅप बंद करून जागा मोकळी करतं. फोटो काढून परत यावं तर फॉर्म कोरा. फोन नियमाप्रमाणेच वागलेला असतो. चूक अ‍ॅप लिहिणाऱ्याची असते: प्रत्येक रकाना भरताक्षणी तो फोनमध्येच जपून ठेवला असता, तर अ‍ॅप दहा वेळा बंद पडूनही एक अक्षर गेलं नसतं. हे काम अवघड नाही. नव्या महागड्या फोनवर ही चूक सहसा दिसतच नाही, म्हणून ती राहून जाते.

फोटोचा हिशेब तर पाटीवर मांडता येतो. आजच्या साध्या कॅमेऱ्याचा फोटोही ४ एमबीपर्यंत जातो. टूजीवर सेकंदाला १०० किलोबिट मिळाले, आणि जंगलात तेवढे मिळणं म्हणजे चांगला दिवस, तर हा एक फोटो चढायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. तोच फोटो फोनमध्येच आकसून १०० केबी केला तर आठ सेकंद. नोंदीचा पुरावा म्हणून दोन्ही सारखेच चालतात. त्यातही मोठा फोटो चढताना चौथ्या मिनिटाला रेंज गेली आणि अ‍ॅपने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर तो फोटो संध्याकाळपर्यंत जात नाही. तुकड्या-तुकड्यांनी पाठवून, जिथे तुटलं तिथून पुढे जोडणं ही जुनी, पक्की पद्धत आहे.

जीपीएसचंही असंच आहे. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतात. एका उपग्रहाची कक्षा कळायला अर्धा मिनिट, सगळ्यांचं वेळापत्रक कळायला साडेबारा मिनिटं. शहरात हे जाणवत नाही, कारण फोन ती माहिती इंटरनेटवरून क्षणात उचलतो. जिथे इंटरनेट नाही आणि वर सागाची दाट पानं आहेत, तिथे फोनला आकाशाकडूनच ती थेंबाथेंबाने घ्यावी लागते. ई-पीक पाहणीसाठी धानाच्या बांधीत उभा असलेला शेतकरी ‘स्थान शोधत आहे’ या ओळीकडे पाहत राहतो. ‘मोकळ्या जागेत या, दोन मिनिटं लागतील’ एवढं वाक्य पडद्यावर आलं तरी त्याचा जीव भांड्यात पडेल.

याच माणसांना दुसरं एक अ‍ॅप कुणी न शिकवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप लिहिला आणि टॉवर नसला, तर त्याच्याखाली छोटंसं घड्याळ दिसतं. टॉवर आला की एक खूण, समोरच्याला पोहोचला की दोन. माणूस फोन खिशात टाकून कामाला लागतो. निरोप आपला आपण जातो. त्या घड्याळाइतकं सभ्य चिन्ह अ‍ॅपच्या दुनियेत फार थोडं आहे. तुमचं काम माझ्याकडे सुखरूप आहे, वाट मी पाहतो, तुम्ही जा, असं ते सांगतं. गोल फिरणारं चक्र नेमकं उलट वागतं: ते माणसालाच धरून ठेवतं. हजेरीच्या अ‍ॅपमध्येही नेटवर्क नसताना फोटो घेऊन नंतर चढवायची सोय आहे, ही चांगलीच गोष्ट. पण नोंद सुरक्षित राहिली हे हजेरी घेणाऱ्या मेटला पडद्यावर स्वच्छ दिसलं नाही, तर तो पुन्हापुन्हा उघडून पाहणार, टेकडीवर चढणार.

बनवणाऱ्याला हे कसं कळावं? फेसबुकने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘टूजी मंगळवार’ सुरू केला. दर मंगळवारी कर्मचाऱ्यांना तासभर मुद्दाम मंद केलेल्या जोडणीवर आपलंच अ‍ॅप वापरून पाहण्याचा पर्याय दिला जाई. त्याच वर्षी आलेलं फेसबुक लाइट एक एमबीहून कमी आकाराचं होतं. महाराष्ट्रात तर कृत्रिम टूजी करायची गरजच नाही. पुण्याच्या हिंजवडीतून निघालेल्या चमूने एटापल्लीत चार दिवस मुक्काम करावा, सेविकेचाच फोन वापरावा, तिच्याच घरच्या विजेवर तो चार्ज करावा. निविदेत अ‍ॅपच्या रंगांपासून आलेखांपर्यंत सगळं लिहिलेलं असतं; अशा चार दिवसांची अट तिथे घातली तर खर्च किरकोळ येईल.

टॉवर उभे राहिले की हा प्रश्न सुटेल, असं म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नक्षलग्रस्त भागांत पहिल्या टप्प्यात देशभरात २,३४३ टूजी टॉवर उभे राहिले आणि एप्रिल २०२२ मध्ये ते फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत इथे चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं होती. डोंगर आणि झाडोरा दोन्ही लहरी अडवतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि तालुकाच तुटतो. अशा दिवसांत बंद पडलेला टॉवर दुरुस्त करायला कोण आणि कुठून जाणार? शिवाय जाळं रुंदावलं की अ‍ॅपही फुगतात. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. त्याआधी केवायसी, त्यासाठी आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी. तो नंबर नवऱ्याचा असतो, नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो, आणि गरोदर बाई अंगणवाडीच्या दारात उभी असते. इथे अभियंत्याची कसोटी कॅमेऱ्याच्या अचूकतेत नाही. ओळख पटली नाही तरी आहार हातात पडेल आणि नोंद मागाहून दुरुस्त होईल, अशी वाट त्याने ठेवली की नाही, यात ती आहे.

भाषेचा प्रश्न अ‍ॅपमध्ये मराठी आली तरी मिटत नाही. सूरजागडच्या परिसरात घराघरांत माडिया बोलली जाते. तिच्याशी नातं असलेली गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे मोलाचं आहे; पण ज्या आजीने कुठलीच लिपी शिकलेली नाही, तिच्यासाठी पडद्यावरचा मजकूर कुठल्याही लिपीत मुकाच. तिला आवाज हवा. शुभ्रांशु चौधरी यांच्या सीजीनेट स्वराने २०१० पासून हेच केलं: मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, आपल्या भाषेत बोलायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं. अ‍ॅप नको, स्मार्टफोनही नको. पुढे त्यांनी ‘बुलटू रेडिओ’ आणला. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. ध्वनिफिती एका फोनवरून दुसऱ्यावर, इंटरनेटचा एक केबीही न खर्चता, हातोहात पसरू लागल्या. उत्तम रचना कशाला म्हणावं हे शिकवायला तंत्रशाळांनी हे उदाहरण खुशाल घ्यावं.

त्या प्रयोगात एक गोष्ट बारकाईने पाहिलेली होती: माणसं कुठे आणि कधी एकत्र येतात. जंगलातल्या गावाचं घड्याळ आठवडी बाजारावर चालतं. मोहफुलं, मीठ, सुकी मासळी, पायातल्या चपला, सगळे व्यवहार त्या एका दिवशी. तेव्हा सगळे फोनही टॉवरखाली येतात. या तालुक्यासाठी अ‍ॅप लिहिणाऱ्याने नोंदी पाठवण्याचं, म्हणजे सिंकचं, वेळापत्रक त्या दिवसाभोवती आखावं: आठवडाभरच्या नोंदी फोनमध्ये नीट रचलेल्या, फोटो आधीच आकसलेले, महत्त्वाचं आधी आणि आलेख मागाहून. सेविका मीठ-मिरची घेत बाजारातून फिरत असेल आणि पिशवीतला फोन तिला न विचारता सोळा बाळांची वजनं एकेक करून पाठवत असेल.