खरा भगिनीभाव

ज्या स्त्रिया परस्परांस 'बहीण' म्हणतात, त्यांपैकी एखादीने अडचणीचा प्रश्न केला, तर तिला गप्प बसविणे योग्य आहे काय? प्रश्न करणे हे अल्पविश्वासाचे लक्षण होय, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत निराळे आहे.

पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ताबाई नावाची मांग जातीची मुलगी शिकत होती. १८५५ साली, सुमारे चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. ज्यांस वेद पाहण्याची मोकळीक नाही, त्यांचा धर्म तरी कोणता, असे तिने देवासच विचारले. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, हेही तिने सांगितले. हे दुःख वाड्यातील स्त्रीस ठाऊक असणे कठीण होते; जिने ते पाहिले तिनेच ते सांगावयाचे होते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. आरंभी ते उच्च जातींच्या विधवांसाठी होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर मात्र केडगावास अनेक जातींच्या निराधार मुली येऊन राहिल्या. ह्याच बाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही, केवळ गुरुजन सांगतात म्हणून कोणतेही मत स्वीकारले नाही. तेणेकरून त्यांचा विश्वास खचला काय? नाही. पुढे त्यांनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले.

दूर अमेरिकेतही असेच घडले. सोजर्नर ट्रूथ ही कृष्णवर्णी स्त्री जन्माने गुलाम होती. १८५१ साली ऍक्रन येथे स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या सभेत तिने आपल्या शेतातील कष्टांचा दाखला दिला, आणि ख्रिस्त स्त्रीच्या उदरी जन्मला ह्याचे पुरुषांस स्मरण करून दिले.

अशा बोलण्याने मंडळीत फूट पडेल, असे कोणी म्हणेल. परंतु एका बहिणीच्या घरावर छप्पर आहे व दुसरीच्या नाही, ही फूट बोलण्यापूर्वीचीच आहे. न बोलल्याने ती बुजत नाही.

तर प्रिय वाचकहो, आपल्या गावी स्त्रियांची सभा भरेल तेव्हा दाराशी बसलेल्या बहिणीस आधी बोलू द्यावे. तिचे म्हणणे ऐकून घेण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी तिला बहीण तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?