कादंबरीकाराला काय विचारावे?

साहित्य संमेलनात प्रकट मुलाखतीला मांडव भरतो. पुस्तक वाचून झालेल्याला ते लिहिणारा माणूस बघायचा असतो, त्याच्या तोंडून ऐकायचे असते. ही ओढ चांगलीच आहे. पण मुलाखतीतून नेमके काय कळते, याचा विचार आपण फारसा करत नाही. मला वाटते, मुलाखतीतून लेखकाइतकाच त्याला प्रश्न विचारणारा समाजही कळतो. आणि लेखकाचे उत्तर त्याच्या कादंबरीशी ताडून पाहिल्याखेरीज त्याची किंमत ठरत नाही.

सातारा-सांगली भागातल्या कादंबरीकारांकडे या दृष्टीने पाहावे. वि. स. खांडेकर १८९८मध्ये सांगलीत जन्मले. ते स्वतःविषयी आणि स्वतःच्या लेखनाविषयी भरभरून बोलले. लांब प्रस्तावना, भाषणे, ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मकथन, सगळीकडे ते समजावून सांगताना दिसतात. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिकवलेल्या माणसाचा तो स्वभावच होता. त्यांच्या कादंबऱ्यांतले बोधाचे वळणही याच स्वभावातून आले. इथे माणूस आणि लेखन एकमेकांना दुजोरा देतात. पण ‘ययाति’ वाचताना हा हिशेब पुरत नाही. प्रस्तावनेत खांडेकर ययातीला भोगामागे धावणाऱ्या आजच्या माणसाचे प्रतीक ठरवतात. कादंबरीत मात्र ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी आपापल्या तोंडाने सांगतात. प्रत्येकाच्या सांगण्यात काही उघड होते, काही झाकले जाते. देवयानीची बाजू ऐकल्यावर ययातीची बाजू पहिल्यासारखी राहत नाही. लेखकाने दिलेल्या अर्थापेक्षा त्याने निर्माण केलेली माणसे मोठी ठरली. १९७४च्या ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवलेल्या या लेखकाचे खरे सामर्थ्य मला तिथे दिसते.

व्यंकटेश माडगूळकरांचे वळण अगदी उलटे. ते माणदेशातले. माण नदीच्या खोऱ्यातला हा दुष्काळी मुलूख सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत पसरला आहे. आटपाडी तालुक्यातले माडगूळ हे त्यांचे गाव. ‘बनगरवाडी’ १९५५ची. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर तिचा निवेदक आहे, आणि माडगूळकरांनीही तरुणपणी मास्तरकी केली होती. त्यामुळे ‘हे सगळे खरेच घडले का?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात आधी येतो. त्याचे उत्तर मिळाले तरी कादंबरीविषयी फार काही हाती लागत नाही. त्याहून मोलाचे प्रश्न वेगळे आहेत. माडगूळकर रेखाटने करत. थोडक्या रेषांत माणूस उभा करणाऱ्या हाताने त्यांचे वाक्य घडवले का? पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात त्यांनी दीर्घकाळ काम केले. श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही, या जाणिवेने त्यांच्या गद्याला काय दिले? लेखकाचे हात कुठे कुठे राबले हे विचारले, की त्याची शैली उलगडू लागते.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्याबाबतीत मात्र आपलाच कमीपणा पुढे येतो. जन्म १९२०, मृत्यू १९६९. त्यांच्याविषयीचे बहुतेक बोलणे दीड दिवसाच्या शाळेपासून सुरू होते आणि दारिद्र्यापाशी संपते. जन्मावेळी फकिरा या बंडखोराने लुटीतल्या सुरती रुपयांची ओंजळ त्यांच्या आईच्या पदरात टाकली, ही आठवणही आवडीने सांगितली जाते. हे सारे महत्त्वाचे आहेच. पण त्याच्यावरची १९५९ची ‘फकिरा’ ही कादंबरी केवळ सोसण्यातून उभी राहिली नाही. त्यामागे शाहिराचा कान होता, लोकनाट्याच्या फडावर घडलेले संवादाचे भान होते, लाल बावटा कलापथकातला अनुभव होता. गर्दीला खिळवून ठेवायचे तर प्रसंग कुठे चढवावा आणि कुठे तोडावा, हे ते जाणत होते. १९५८मध्ये मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी सांगितले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी नसून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे. हा विचार त्यांच्या कथानकांच्या बांधणीत कसा उतरला, हे त्यांना सविस्तर विचारायला हवे होते. खांडेकरांना आपण कलेविषयी विचारले आणि अण्णाभाऊंना हालअपेष्टांविषयी. हा भेद अण्णाभाऊंवर अन्याय करणारा आहे. ज्याला कलेविषयी विचारले जात नाही, त्याला आपण कलावंत मानायचे टाळतो.

ही चूक पुढे चालू ठेवायचे कारण नाही. साताऱ्याच्या ९९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवडले गेलेले विश्वास पाटील शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे. ‘पानिपत’साठी कागदपत्रे कशी निवडली, कोणती बाजूला ठेवली, ‘झाडाझडती’तल्या धरणग्रस्तांची बोली कशी सापडली, असे त्यांना विचारावे. गावोगावच्या नव्या लिहित्या हातांनाही, विशेषतः स्त्रियांना, हेच प्रश्न विचारावेत.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि नगर वाचनालयांनी हे काम वाटून घ्यावे. मुलाखत घेणाऱ्याने आधी पुस्तक नीट वाचावे. ध्वनिमुद्रणावर तारीख आणि ठिकाण नोंदवावे, आणि त्याच्या प्रती किमान दोन गावांत ठेवाव्यात. २०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयातले दुर्मीळ ग्रंथ भिजून गेले, हे आपण पाहिले आहे. लेखक आपल्यात आहेत तोवर त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारा, आणि त्यांची उत्तरे जपून ठेवा.