कर्ता आणि करविता

पवईच्या तलावाकाठीं संध्याकाळीं उभें राहिलें असतां पुष्कळदां पाण्यापेक्षां हिरवळच अधिक दृष्टीस पडते. तिच्यावर जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात, आणि नवख्या माणसाला वाटावें, काय रमणीय कुरण आहे हें! तें कुरण नव्हे, ती जलपर्णी. मुंबईला पाणी मिळावें म्हणून १८९१ सालीं बांधलेल्या या तलावाचें पाणी पुढें पिण्यास नालायक ठरलें, आणि शोभेचें फूल म्हणून दक्षिण अमेरिकेंतून जगभर नेलेली ही वनस्पति त्यावर पसरली. महापालिकेनें यंत्रें लावून ती कितीदां तरी उपसली. ती पुन्हा वाढली.

एका विद्यार्थ्यानें मला तेथेंच विचारलें, “सर, हिला खाणारा किडा आहे ना? मग तो सोडून मोकळे कां होत नाहींत?” प्रश्न शास्त्राचा होता, पण घाटकोपरला घरीं पोहोंचेपर्यंत मला छळलें तें त्यांतल्या ‘मोकळे’ या शब्दानें.

किडा आहे. जलपर्णीच्याच मायदेशांतील दोन जातींचे सोंडकिडे १९८२-८३ सालीं बंगळूरला आणले गेले, आणि ते आपल्या पिकांना तोंड लावीत नाहींत अशी पारख झाल्यावरच तिकडील तलावांत सोडले गेले. किडा पान खरवडतो. त्याची अळी देठ पोखरते. देठांत पाणी शिरून हळूहळू सारा ताटवा बुडूं लागतो. कोयता नको, विष नको. माणसाचे हात स्वच्छ राहतात.

पण राहतात काय? पतंजलीनें हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसती संमति दिलेली असे तीन भेद सांगितले आहेत, आणि तिहींतून कोणालाच सोडलेलें नाहीं. येथें कर्ता किडा असला तरी करविता मनुष्य आहे. शिवाय कोयता खालीं ठेवतां येतो. सोडलेला जीव परत बोलावतां येत नाहीं. त्याला आपल्या हेतूची खबर नसते, केवळ भूक असते.

ही भूक कधीं आपल्या पथ्यावर पडते. १७९५ सालीं किरमिजी रंगाचा धंदा निघावा म्हणून ब्राझीलहून आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. धंदा बसला, पण एका जातीच्या निवडुंगाचा त्यानें फडशा पाडला. (व्यापाऱ्यांच्या चुकीनें शेतकऱ्यांचें भलें होण्याचे प्रसंग इतिहासांत थोडेच!) मग १९२६ सालीं त्याच्याच गोत्रांतला दुसरा किडा सिंहलद्वीपाहून मुद्दाम आणला गेला. निवडुंगावरचाच एक पतंग १९२५ सालीं ऑस्ट्रेलियांत नेला. त्याच्या अळ्यांनीं लाखों एकर जमीन मोकळी केली, आणि क्वीन्सलंडमधील कृतज्ञ लोकांनीं त्याच्या नांवानें सभागृह बांधलें. तोच पतंग १९५७ सालीं कॅरिबियन बेटांत सोडला. १९८९ सालीं तो फ्लॉरिडांत आढळला, आणि ज्यांचा कोणाशींच तंटा नव्हता अशा तेथल्या मूळच्या निवडुंगांवर त्यानें ताव मारला. पतंगानें स्वधर्म सोडला नव्हता.

म्हणून किडा सोडूंच नये असें मी म्हणणार नाहीं. त्याच फ्लॉरिडाच्या पाणथळींत ऑस्ट्रेलियांतून आणलेलीं मेलॅल्युकाचीं झाडें माजलीं, तेव्हां १९९७ सालीं तेथें एक सोंडकिडा सोडण्यांत आला. तो कोंवळी पालवी खाऊन फुलोरा खुंटवितो; उभ्या झाडांचें रान हटविण्याचें काम माणसांनीं आपल्याकडे ठेवलें. ही वांटणी मला प्रामाणिक वाटते.

पवईंत आपल्या वांट्याचें काम कोणतें? जलपर्णी तेथें चालत आली नाहीं, आणि तिला वर्षानुवर्षें पोसलें तें आपल्या वस्त्यांच्या सांडपाण्यानें. त्या अन्नावर ती किडा खातो त्याहून वेगानें फुटूं शकते. बुडाली तर कुजून पाण्यांतील प्राणवायु खाते, आणि तलावांतल्या माशांना तिच्याबरोबर दंड भरावा लागतो. तिसरा भेद, संमतीचा, येथें आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरापर्यंत येतो, माझ्याही.

पुढच्या खेपेस त्या विद्यार्थ्याला घेऊन मी तलावाच्या बांधावर नव्हे, तर त्यांत उतरणाऱ्या नाल्याच्या तोंडाशीं जाणार आहें.