नावेला काय लागतं

नागपूरलगतच्या वाडीत नाव घालावी अशी नदी नाही. अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टची गोदामं, गॅरेज, टायरवाले आणि उभ्या ट्रकांच्या रांगा. तरी टायरवाल्याच्या दुकानाबाहेर लटकणारी एक वस्तू विदर्भाच्या तलावांवर नाव होऊन तरंगते. ती म्हणजे ट्रकची जुनी ट्यूब. ज्या ढिवर मच्छीमाराकडे डोंगा नसतो, तो हवा भरलेल्या ट्यूबवर बसून हातानं पाणी मागे सारत जाळ्यापर्यंत जातो. सोबत असतं जाळं आणि मासे ठेवायची पिशवी. त्याच्या पिढ्यांनी पाण्यावर काय न्यायचं, याचा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे.

नवी कायाक घेणाऱ्या हौशी माणसाला तो निवाडा अजून करायचा असतो. साधी दहा फुटी प्लास्टिकची कायाक वीस-पंचवीस किलोंची असते. दुकानातून येते तेव्हा तिच्यावर बसायची जागा, एक वल्हं आणि पाणी निथळायची भोकं, बस्स. मग हात शिवशिवायला लागतात. रॉड उभे करायच्या नळ्या हव्यात, गळांचा डबा हवा, नांगर हवा, बर्फाची पेटी हवी, मोबाईलचं स्टॅंड हवं, मासे दाखवणारं यंत्रही हवं. नदी पाहण्याआधीच अंगणात ड्रिल मशीन सुरू होतं.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की, नाव आधी रिकामीच पाण्यावर न्यावी. कन्हान नदीच्या एखाद्या संथ डोहात दोन-तीन सकाळी घालवाव्यात आणि आपला हात आपसूक कुठे जातो, ते पाहावं. वल्हं ठेवायला जागा नाही म्हणून ते मांडीवरून घसरतं, तेव्हा कळतं की त्याला दोरी हवी. मासा ओढताना रॉड अडकवायची नळी पायाजवळ असेल, तर वल्हं तिच्यावर आपटतं; तीच पाठीमागे असली की वल्हवताना आड येत नाही. हे घरी बसून ठरवता येत नाही. आणि नावेच्या अंगाला एकदा पाडलेलं भोक पुन्हा पहिल्यासारखं बुजत नाही.

त्यातही बहुतेक गोष्टींना भोक लागतच नाही. बसायच्या जागेमागे दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक कॅरेट ठेवावं, त्याला पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे बांधावेत, की रॉडही उभे राहतात आणि डबाही मावतो. बांधायला ट्यूबचीच कापलेली रबरी पट्टी घ्यावी. वाडीतला ट्रकवाला असो की सायकलवरचा दूधवाला, सामान आवळायला हीच पट्टी वापरतो. ती ताणून धरते आणि हवी तेव्हा हातानं सुटते. जड वस्तू खाली आणि मधोमध ठेवावी, कारण ओझं जितकं उंच तितकी नाव डगमगते. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी कायाक मुळात शिकारीसाठीच घडवली. लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं चढवलेल्या त्या नावेवर भाला, दोर आणि तरंगणारा फुगा चामडी पट्ट्यांखाली खोचलेला असे. बसल्या जागी हात पोचेल तेवढंच सामान. हजारो मैलांवरच्या त्या शिकाऱ्याला आणि आपल्या ढिवराला पाण्यानं सारखाच धडा दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण ‘गरज कळली की मग घेऊ’ हा नियम सगळ्याला लावता येत नाही. काही वस्तूंची गरज एकदाच कळते आणि तेव्हा त्या आणायला वेळ उरलेला नसतो. वाडीहून याच अमरावती मार्गानं पुढे गेलं की वेणा जलाशय लागतो. 9 जुलै 2017 रोजी तिथे सहलीला आलेल्या तरुणांची नाव उलटली. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. त्यांतले बरेच जण परतले नाहीत. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले, एकाच गोतावळ्यातले. पोहता येतं म्हणून जॅकेट नको, असं म्हणणारे मला भेटतात. थंड पाण्यात अचानक पडल्यावर श्वास कसा चुकतो आणि जाळ्यात पाय अडकला की पोहणं कसं खुंटतं, हे त्यांनी एखाद्या जुन्या ढिवराला विचारावं.

नांगराचंही तसंच. वाहत्या पाण्यात दोर नावेच्या कुशीला बांधला, तर नाव आडवी होते, पाणी वरच्या बाजूनं रेटतं आणि ती क्षणात उलथते. दोर टोकालाच बांधावा, तोही एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठीनं, आणि हाताशी सुरी ठेवावी. पुराचं पाणी असेल तर मात्र नांगराचा विचारच नको, घरी बसावं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक तलावांवर मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या पाण्यात माशांची पिल्लं, म्हणजे बोटुकली, ती संस्थाच सोडते आणि त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. तोतलाडोह जलाशय तर राष्ट्रीय उद्यानात असल्यानं तिथे मासेमारीला बंदी आहे. नदीवर गेलात तरी काठावरच्या माणसाला आधी विचारा. जाळी कुठे लावली आहेत, बुडालेलं झाड कुठे आहे, सध्या पाणी सोडणार आहेत का, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

तेव्हा ड्रिल मशीन महिनाभर फडताळात राहू द्या. पहिल्या खेपेला नावेत वल्हं, पाण्याची बाटली आणि एकच गळ न्या. जॅकेट मात्र काठावरच अंगात चढवा आणि त्याचे पट्टे आवळूनच पाण्यात पाय टाका.