मधल्या हाताचे कर्म

एकाने आज्ञा करावी, दुसऱ्याने ती पार पाडावी आणि तिसऱ्याने तिचे फळ भोगावे, अशी ज्या कर्माची रचना असते त्यातील पापपुण्याची वाटणी कोणत्या न्यायाने करावयाची, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनात युद्ध, यज्ञ आणि राजदंड यांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु हाच प्रश्न प्रत्येक गावच्या बाजारपेठेत, औषधांच्या दुकानाच्या फळीपुढे दररोज उभा राहतो, आणि तेथे मात्र त्याची दखल घ्यावी असे फारसे कोणाला वाटत नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, औषधविक्रेता तीवरून गोळ्या काढून देतो आणि पंचाहत्तरी उलटलेले कोणी आजोबा त्या घरी नेऊन नेमाने घेतात. त्यांतून अपाय झाला तर मधला मनुष्य म्हणतो, "चिठ्ठीत होते ते मी दिले." ही कैफियत बहुधा खरी असते. ती पुरेशी आहे काय, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे, आणि माझे उत्तर नकारार्थी आहे हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. औषध विकणारा असा पाचवा कोणी या गणनेत नाही. तेथेच ग्रंथकाराने असे सुचवले आहे की माती, दंड आणि चाक ही कुंभारावाचून जशी व्यर्थ, तसेच उरलेले तीन पाद वैद्यावाचून व्यर्थ होत. आज औषध देणारा वैद्यापासून सर्वस्वी निराळा झालेला आहे. यूरोपात या फारकतीला राजाज्ञेचे बळ मिळाले ते तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिसिलीचा राजा व सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करू नये असे फर्मावले तेव्हा. आणि या फर्मानाचे मर्म, माझ्या समजुतीप्रमाणे, लिहिणाऱ्याचा व विकणाऱ्याचा स्वार्थ एकजीव होऊ नये, म्हणजे एकाच्या कृतीवर दुसऱ्याची डोळस नजर राहावी, हे आहे. मग या पाचव्या माणसाची गणना आपण कोठे करावयाची? दंड आणि चाक यांच्या रांगेत, की कुंभाराच्या पंक्तीस? दंडाला आपण काय घडवीत आहोत हे कळत नाही. याला कळते, निदान कळावे म्हणूनच त्याला शिकवलेले असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत करण निराळे आणि कर्ता निराळा. ज्याला ज्ञान आहे तो करणाच्या रांगेत जाऊन बसू म्हणाला, तर त्याला तेथे जागा मिळावयाची नाही.

योगसूत्रांनी याविषयी अधिक कठोर भूमिका घेतली आहे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली किंवा नुसती अनुमोदिलेली असली तरी ती हिंसाच, आणि तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो, असे पतंजलीचे प्रतिपादन आहे. वृद्धाच्या औषधात क्रोधाला स्थान नाही. पण मोह, म्हणजे विचारले असते तर जे कळले असते ते न विचारणे, आणि लोभ, म्हणजे विकता येते म्हणून विकणे, ही दोन्ही दुकानाच्या फळीशी रोजच्या रोज हजर असतात.

वृद्धापुरताच हा विचार का, असे कोणी विचारील. त्याचे कारण शरीरधर्मात आहे. चरकाने साठीनंतरचे वय जीर्ण म्हटले, आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक जरेच्या विचाराला दिले गेले. आधुनिक वैद्यकाने त्या जीर्णतेचा तपशील भरून काढला आहे. मूत्रपिंडांची उत्सर्जनशक्ती वयाबरोबर घटत जाते, आणि स्नायू झिजलेले असल्यामुळे रक्ततपासणीतील क्रिएटिनिनचा आकडा मात्र निर्दोष दिसू शकतो. म्हणून जे डिगॉक्सिन चाळिशीत सुरक्षित होते तेच ऐंशीत साचत जाऊन विषवत् ठरते. शरीरातील पाण्याचा अंश कमी व मेदाचा अधिक झाल्याने डायझेपामसारखी झोपेची गोळी अंगात दीर्घकाळ रेंगाळते, आणि रात्री लघवीला उठलेली आजी तोल जाऊन पडते. पडल्यावर तिच्या खुब्याचे हाड मोडते, आणि लोक म्हणतात की फरशी ओली होती.

त्याहून गहन गोष्ट म्हणजे एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा रोग समजून त्यावर दुसरे औषध चढवले जाते. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन दिले, त्याने घोट्यांवर सूज आली. ती सूज स्वतंत्र व्याधी समजून दुसऱ्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीची गोळी लिहिली. तिने शरीरातले पोटॅशियम उतरले. आणि आधीपासून हृदयासाठी चालू असलेले डिगॉक्सिन त्यामुळे मात्रा न वाढवताही घातक झाले. या साखळीत कोणीही बेपर्वा नव्हते. प्रत्येकाने आपल्यापुढचा रोगी पाहिला, पूर्ण रोगी मात्र कोणीच पाहिला नाही. हृदयाचे, हाडांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर निरनिराळे असतात, पण तिघांच्याही चिठ्ठ्या बहुधा एकाच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये येतात. एकच द्रव्य दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन चिठ्ठ्यांत आले आहे, हे ज्याला दिसू शकते असा मनुष्य पुष्कळदा तेथला औषधविक्रेता तेवढाच. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट रोज घेतले गेले तर अस्थिमज्जेचा नाश होऊन प्राणावर बेतते, ते हाती ठेवताना "कोणत्या वारी घेणार, आजोबा?" एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते. सर्वांत शेवटी आणि सर्वांत समग्र पाहण्याची ही जागा ज्याला मिळाली, त्याचे कर्तव्य त्या जागेतूनच उत्पन्न होते.

आता धर्माचरणाचा जो भाग या प्रश्नाशी साक्षात् भिडतो तो पाहू. आपल्याकडच्या वृद्ध स्त्रिया एकादशी, संकष्टी, चातुर्मास निष्ठेने पाळतात, आणि त्या निष्ठेविषयी मला नितांत आदर आहे. त्यांतली एक उपासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेत नाही, कारण तिला व्रतभंगाची भीती वाटते. दुसरी मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी नेमाप्रमाणे सकाळीच घेते आणि चंद्रोदयापर्यंत अन्नाला शिवत नाही. पहिलीची भीती शास्त्रालाच मान्य नाही : महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टींत औषधाची गणना केली आहे, आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या धर्मसिंधूत एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंतच सांगितला आहे, म्हणजे ऐंशी उलटलेल्या आजीवर त्या उपवासाचे बंधनच उरत नाही. दुसरीची गोष्ट निराळी. तिला शास्त्राची मुभा पुरत नाही, कारण औषधाने व्रत मोडत नसले तरी पोटात अन्न नसताना त्या गोळीने रक्तातील साखर इतकी उतरू शकते की मनुष्य बेशुद्ध पडावा, आणि वृद्धाच्या अंगात तो परिणाम लांबतो. एकीला "गोळी घ्या" असे सांगावयाचे, तर दुसरीला "उपासाच्या दिवशीची गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नका" असे सांगावयाचे. हे दोन विरुद्ध उपदेश योग्य त्या माणसाला करता येण्यासाठी औषधाचे ज्ञान हवे तसेच समोरच्या बाईच्या घरी आज कोणती तिथी आहे याचेही भान हवे. रमजानच्या महिन्यात रोजे धरणाऱ्या वृद्धाविषयीही हेच विचारणे औषधविक्रेत्याकडे येते. श्रद्धेचा उपहास न करता तिला सुरक्षित वाट काढून देणे, हे काम पुरोहिताला एकट्याने जमणार नाही आणि डॉक्टरांना पुष्कळदा त्याची वार्ताही नसते.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. घरातील म्हातारे माणूस गोळी घेईनासे झाले की मुले-सुना ती कुस्करून वरणभातात कालवतात. यात हेतू प्रेमाचाच असतो. परंतु चोवीस तास सावकाश विरघळावी म्हणून घडवलेली गोळी कुस्करली की दिवसाची सारी मात्रा एकदम अंगात उतरते, आणि जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून जिच्यावर लेप दिला होता तिचा लेपच निरर्थक होतो. असत्य आणि अपाय येथे एकाच वाटीत कालवले जातात. सुनेने "बाबांची गोळी फोडून दिली तर चालेल का?" असे फळीपाशी विचारले, तर जाणता औषधविक्रेता आधी उलट विचारील की त्यांना ती गिळता येत नाही, की घ्यावयाची नाही? गिळता येत नसेल तर द्रवरूप औषध किंवा दुसरा पर्याय डॉक्टरांना विचारून शोधता येतो. घ्यावयाची नसेल तर प्रश्न औषधाचा राहत नाही, तो त्या माणसाच्या स्वातंत्र्याचा होतो. पुष्कळदा तो नकार हीच अपायाची एकमेव तक्रार असते : गोळीने भोवळ येते, तोंड कोरडे पडते, रात्रभर उठावे लागते, हे ज्याचे कोणी ऐकत नाही तो शेवटी तोंड मिटून घेतो.

आणि नकार केवळ त्रासातूनच येतो असेही नाही. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनार येथे अन्न आणि औषध यांचा त्याग केला तो आयुष्याचा हिशेब पुरा झाला अशा शांत निश्चयाने. प्रत्येक वृद्ध विनोबा नसतो, आणि प्रत्येक नकार प्रगल्भ असतो असे मी म्हणणार नाही. बुद्धिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत आप्तांना त्याचे मुखत्यार होऊन निर्णय घ्यावा लागतो. पण ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याच्या ताटात त्याच्या नकळत औषध कालवणे म्हणजे त्याच्या शरीरावरील त्याची सत्ता काढून घेणे होय, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली एवढा अधिकार ना मुलाला आहे, ना डॉक्टरांना, ना औषध देणाऱ्याला. त्याने विचारावे, समजावून सांगावे, धोका असेल तेथे अडवावे. सक्तीचे साधन मात्र होऊ नये.

कायद्याने त्याला हे स्थान दिलेले आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमाने नोंदणीकृत औषधनिर्मात्यावाचून इतर कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देऊ नये असे ठरवले, आणि 2015 च्या नियमांनी रोग्याला समजावून सांगणे हा त्याच्या कर्तव्याचा भाग केला. अमेरिकेत हेप्लर आणि स्ट्रँड यांनी 1990 मध्येच असे मांडले होते की औषधाच्या परिणामाचे उत्तरदायित्व औषध देणाऱ्याने स्वतःकडे घेतले पाहिजे. आपल्याकडे मात्र अनेक दुकानांत सनद भिंतीवर असते आणि सनदधारक दुसरीकडे. फळीपाशी उभा असलेला तरुण मुलगा चपळाईने पट्टी कापून चार गोळ्या देतो, आणि कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव असते तर मुदतीची तारीख नसते, तारीख असते तर नाव नसते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी त्या तुकड्याकडे पाहणाऱ्या माणसाला रंग आणि आकार याखेरीज ओळखीची खूण उरत नाही; आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी आली की तीही खूण जाते. हे मला अक्षम्य वाटते, कारण ते टाळण्यासाठी कोणतेही नवे ज्ञान लागत नाही. एका कागदी पाकिटावर ठळक मराठीत नाव, वेळ आणि जेवणाआधी की नंतर एवढे लिहिणे पुरते.

अडचण अशी की विचारण्याचे आणि लिहून देण्याचे पैसे कोणी देत नाही. दुकानाची प्राप्ती विक्रीवरच आहे, आणि न विकण्याचा सल्ला देणारा आपल्याच हाताने आपली प्राप्ती कमी करतो. बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. औषधाचा त्यात नाही. परंतु जेथे मात्रेने आणि वयाने एकाचे दुसरे होते, तेथे आपण नेमके काय विकले हे त्या व्यापाऱ्याला विकण्याआधी ठरवावे लागते. समजा, त्याने ठरवले, आणि वॉर्फरिन चालू असलेल्या आजोबांना गुडघेदुखीसाठी चिठ्ठीत लिहिलेली डायक्लोफेनॅकची गोळी देण्यास नकार दिला, कारण त्या दोहोंनी मिळून पोटात रक्तस्राव होण्याचे भय असते. आजोबा शेजारच्या दुकानात जातात आणि तेथे ती मिळते. पहिल्याने आपल्या वाट्याची हिंसा टाळली, अनुमोदनही दिले नाही. पण आजोबांना होणारा अपाय टळला नाही. केवळ आपला हात निर्मळ राहिला यावर ज्याचे समाधान होते त्याने धर्माचा अर्धाच भाग पाळला. त्याने डॉक्टरांना दूरध्वनी करावा, आणि ते भेटले नाहीत तर आपली हरकत त्याच चिठ्ठीच्या पाठीवर दोन ओळींत लिहून, तारीख व सही घालून, ती आजोबांच्या हाती द्यावी, म्हणजे शेजारच्या दुकानदाराला ती वाचावी लागेल आणि डॉक्टरांनाही.