बेटाचे नाव नंतर कळले

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये २७:१३-४४, २८:१



आज हा अध्याय वाचताना मी माल्टा बेटाचा, चढउतार दाखवणारा नकाशा शेजारी ठेवला होता. ईशान्य किनाऱ्यावर संत पौलाचा उपसागर आहे. पौलाचं तारू इथेच फुटलं अशी परंपरा आहे. तोंडाशी लहान बेटं, आणि ती व मुख्य जमीन यांच्यामध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी. दोन समुद्र मिळतात ती जागा हीच, असं जेम्स स्मिथ यांनी १८४८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. नकाशावर सगळं कसं सोपं वाटतं!

पण तारवातल्या २७६ जणांजवळ नकाशा नव्हता. चौदावी रात्र, मिट्ट काळोख. खलाशांनी दोर सोडून खोली मोजली : २० वाव. थोडं पुढे १५ वाव. म्हणजे साधारण ३६ मीटरवरून २७ मीटर. जमीन जवळ येतेय, एवढंच कळलं. त्यांनी चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली.

देवाने पौलाला अभय दिलं होतं : तारू जाईल, पण जीव एकाचाही जाणार नाही. कोणत्या तरी बेटावर आपण पडू, एवढंच पौल सांगू शकला. बेटाचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.

माझी नोकरी गेली तेव्हा मी रोज विचारायचो, "प्रभू, पुढे कुठे, ते आधी सांग." खरं सांगू? मला वचन नको होतं, नकाशा हवा होता. खलाशी नांगराचं निमित्त करून गुपचूप होडी सोडत होते ना, तसाच मीही पत्नीला न सांगता घराचे कागद घेऊन कर्ज काढायला निघालो होतो. तिने पिशवीतले कागद पाहिले. त्या दिवशी माझ्याही होडीचे दोर कापले गेले. राग आला, पण घर वाचलं.

शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, पण सगळे किनाऱ्याला लागले. आणि मग कळलं, हे माल्टा.

आज तुम्ही कोणती होडी गुपचूप सोडत आहात? ज्यांच्यापासून लपवलंय, त्यांना आजच सांगा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, पुढचा किनारा दिसत नाही. उजाडेपर्यंत आम्हाला तारवातच, एकमेकांबरोबर धरून ठेव. आमेन.