खाटेवरच्या माणसाला कोण विचारतं?

कोकणात आमच्या खाडीपट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत. मुलगा आखातात, आई गावी खाटेवर. पैशांची ददात नसते, माणसांची असते. शेजारच्या खालांचा मुलगा रजेवर आला आणि आईच्या खोलीत कॅमेरा बसवून गेला. परदेशात बसून मोबाईलवर आई दिसू लागली. त्याचा जीव खाली पडला. महिनाभरात खालांनी त्या कॅमेऱ्यावर ओढणी टाकली. मुलगा रागावला आणि समजूत घालायला त्यानं आम्हाला पाठवलं.

खाला म्हणाल्या, "कपडे बदलते, वजू करते, ते सगळं तिकडे दिसतं. मला कुणी विचारलं का? मला मोरीपर्यंत जाताना धरायला एक दांडी हवी होती."

दांडी बसवायला गावच्या मिस्त्रीला अर्धा दिवसही लागला नाही.

कॅमेरा वाईट नव्हे. मुलाची काळजीही खोटी नव्हे. श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, ही अल्लाहची नेमतच म्हणायची. पण आईवडिलांपुढे 'उफ'सुद्धा काढू नये ही शिकवण लहानपणापासून ऐकलेले आपण, त्यांच्यासाठी वस्तू आणताना त्यांना एक शब्दही विचारत नाही. याला खिदमत म्हणायचं का?

हाच प्रश्न अखेरच्या दिवसांत फार कठोर होऊन समोर येतो. आमचे अब्बा शेवटचे नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. घशात नळी होती. ती उपसू नये म्हणून हात खाटेला बांधलेले. भेटीची वेळ संपली की आम्ही बाहेर. शेवटच्या घटकेला कानाशी कलमा म्हणायलाही कुणी जवळ नव्हतं. जनाजाला आलेले लोक म्हणाले, "मुलांनी काही कमी केलं नाही." त्या वेळी ते ऐकून बरं वाटलं. आज वाटतं, ते नऊ दिवस अब्बांसाठी होते की लोकांच्या त्या एका वाक्यासाठी?

कुणी म्हणेल, हयात-मौत अल्लाहच्या हाती आहे, आपण ठरवणारे कोण? खरं आहे. जीव घेणं हराम आहे, त्यात वाद नाही. पण बरं होण्याची आशा संपल्यावर केवळ यंत्रानं मरण लांबवत ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. १९८६ साली अम्मान इथं भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत, मेंदूचं कार्य कायमचं थांबल्याचं तज्ज्ञांनी ठरवलं तर यंत्र काढण्यास मुभा देण्यात आली. मेंदू शाबूत असलेल्या रुग्णाचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तिथं डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारावं लागेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी, आपल्यावर अखेरचे कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले.

उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असंही नाही. केरळात कोझिकोडला १९९३ साली वेदनाशमनाचं काम सुरू झालं. पुढे त्यातून गावोगावचे शेजारीपाजारीच स्वयंसेवक झाले. ते घरी जाऊन रुग्णाच्या जखमा धुतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात. आपल्या मोहल्ल्यात मयतीला शंभर माणसं जमतात. त्यातली चार आधी का येऊ नयेत?

वसीयत लिहून ठेवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. घर-जमिनीची आपण लिहितोही. शरीराविषयी मात्र बोलत नाही. मुलांना भीती वाटते, आई म्हणेल, माझ्या मरणाची घाई झाली का? आम्हीही भीतभीतच अम्मींना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखणं कमी होईल ते करा. मला घरातून हलवू नका. आणि हे तुझ्या भावांसमोर एकदा बोलू दे, नंतर भांडाल."

पुढच्या जुम्म्याला भाऊ येणार आहेत. खालांच्या कॅमेऱ्यावरची ओढणी आता असरनंतर तासभर निघते. तेव्हा मुलाचा फोन येतो.